मापनयंत्राचा पंखा आणि आपला उन्हाळा



वसंत व्याख्यानमाला भरविण्याची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ती सुरू केली. वसंत हे नाव मोठे गोड खरे. पण व्याख्याने ऐन एप्रिल-मेमध्ये होतात आणि म्हणूनच ती संध्याकाळी ठेवावी लागतात. दुपारी तीन वाजता बावड्याच्या पत्र्याच्या मांडवात आपल्याला कोणी बसविले असते, तर वक्त्याला आणि श्रोत्यांना दोघांनाही घेरी आली असती. आपण संध्याकाळची सोय करून घेतली. आपल्या गावातील दुरुस्तीच्या दुकानात, शाळेच्या प्रयोगशाळेत, साखर कारखान्याच्या विद्युत विभागात जी नाजूक मापनयंत्रे आहेत, त्यांना मात्र तीन वाजताच काम करावे लागते. त्यांच्याविषयी आज बोलावयाचे आहे.

विषय तसा लहान दिसतो. विजेच्या मापनयंत्रात एक पंखा असतो. तो आवाज करतो. तो आवाज कमी कसा करावा आणि यंत्र तरीही थंड कसे ठेवावे, एवढाच प्रश्न. पण या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर यंत्र खोटे सांगू लागते. मापनयंत्र खोटे सांगू लागले, म्हणजे दुकानदाराचा तराजू खोटा झाल्यासारखे आहे. नुकसान त्या यंत्राचे होत नाही, समोरच्या गिऱ्हाइकाचे होते. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, आमच्या हातून घडले म्हणून शिकलो. ती हकीगत पुढे येईलच.

प्रथम उष्णता येते कोठून ते पाहू. विजेवर चालणारे कोणतेही मापनयंत्र जितकी वीज घेते, तितकी जवळजवळ सर्वच्या सर्व शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. मोटार पाणी उपसते, दिवा उजेड देतो. ऑसिलोस्कोप फक्त लहर दाखवितो, म्हणजे त्याने घेतलेले पन्नास वॉट हे त्या पेटीत ठेवलेल्या पन्नास वॉटांच्या शेगडीसारखेच. जुन्या काळी तर ही शेगडी फारच मोठी होती. १९५० च्या दशकातील टेक्ट्रॉनिक्स कंपनीचे निर्वात नळ्यांचे ऑसिलोस्कोप पाचशे वॉटांच्या पुढे वीज खात. त्यांच्या पाठीवर मोठा पंखा असे, पंख्यापुढे धुऊन परत बसविता येणारी जाळी असे आणि आत उष्मा फार वाढला तर वीज आपोआप तोडणारा स्विच असे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेला आपल्या देशातला टिफरॅक हा संगणक घ्या. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. एका नळीच्या तारेला सरासरी दोन वॉट धरले, तरी नुसत्या तारा तापविण्यातच पाच किलोवॉटांहून अधिक उष्णता निघत असली पाहिजे. नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली. शेगडी लहान झाली. पण पेटीही लहान झाली. म्हणून प्रश्न राहिला तो राहिलाच.

आता या उष्णतेला बाहेर नेणार कोण? हवा. हिशेब साधा आहे. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवावयास सुमारे साडेअकराशे ते बाराशे जूल उष्णता लागते. पन्नास वॉट बाहेर न्यावयाचे असतील आणि आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा दहाच अंशांनी अधिक गरम असावी असे वाटत असेल, तर सेकंदाला सव्वाचार ते साडेचार लिटर हवा पेटीतून गेली पाहिजे. म्हणजे पाण्याची एक कळशी भरेल इतकी हवा दोन-तीन सेकंदांत. हे काही फार नव्हे. तळहाताएवढा पंखा हे काम हसत करील. मग तो बोंबलतो का?

याचे उत्तर आपल्या शेतकरी बंधूंना आमच्यापेक्षा चांगले कळेल. बारामती-इंदापूर भागाला नीरा डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिळते आहे, आणि टेलला पाणी पोहोचत नाही ही तक्रारही बहुधा तितकीच जुनी असेल. आपण दारे धरावयास जाता. पाणी तर सुटले आहे, पण दंडात गवत माजले आहे, कोठे ढेकूळ आडवे आहे, कोठे दंड फुटून पाणी भलत्याच वाफ्यात शिरले आहे. शेवटचा वाफा कोरडाच. अशा वेळी शहाणा माणूस पंपाचा जोर वाढवीत नाही. तो खोरे घेऊन दंड साफ करतो. यंत्राच्या पेटीतील हवेचेही अगदी असेच आहे. तिलाही दंड लागतो, तीही सोपी वाट पकडते आणि तिच्याही टेलला एखादा बिचारा तापलेला भाग हवेची वाट पाहत बसलेला असतो.

पंख्याचा आवाज म्हणजे पुष्कळ वेळा या अडलेल्या हवेचाच आवाज असतो. तो नीट ऐकला, तर त्याचे तीन-चार प्रकार वेगळे करता येतात. पहिला, खरखर: हा बेअरिंगचा, तेल आटल्याचा किंवा धूळ शिरल्याचा. दुसरा, एकसुरी गुणगुण: पंख्याची पाती एखाद्या आडव्या पट्टीजवळून जातात तेव्हा ती निघते. सात पात्यांचा पंखा मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला पन्नास फेरे आणि साडेतीनशे ठोके. तोच तो सूर. तिसरा, सूं-सूं असा वाऱ्याचा आवाज: हवा अरुंद भोकांतून ओढली गेली की होतो. पत्र्यालाच भोके पाडून केलेली जाळी असेल, तर हा आवाज फार. गोल तारेची जाळी असेल तर तोच पंखा निवळतो. चौथा, पेटीचा थरथराट: पंखा पत्र्याला घट्ट आवळलेला असतो आणि सबंध पत्रा ढोलकीच्या पानासारखा बोलू लागतो. या चारांवर उपाय चार वेगळे आहेत. आवाज कोणता हे न ओळखता सरसकट पंखाच बदलणे, म्हणजे ताप कशाचा हे न पाहता गोळी देणे होय.

आवाज हा दुर्लक्ष करण्यासारखा विषय आहे, असे मात्र आमचे मुळीच म्हणणे नाही. आपल्याकडे कित्येक दुकाने घराच्या पडवीतच असतात. पलीकडच्या खोलीत मुले अभ्यास करीत असतात. मोटारीचे बेअरिंग गेले की रिले चिकटला, हे कारागीर कानानेच ओळखतो. त्याच्या कानाशी दिवसभर पंखा घोंगावत राहिला, तर त्याचे अर्धे हत्यारच बोथट होते. तेव्हा शांतता हवी. प्रश्न इतकाच, की ती कोणत्या मोलाने घ्यावयाची.

आता आमची हकीगत. आमच्याकडे एक पॉवर सप्लाय होता; जुन्या पद्धतीचा, ट्रान्झिस्टरवर दाब कमी करून देणारा. त्याचा पंखा असा ओरडे की समोरच्याशी बोलता येईना. डिसेंबरातल्या एका रात्री आम्ही तो पंखा काढला आणि त्या जागी त्याच मापाचा, निम्म्या वेगाचा, गुणी पंखा बसविला. खोलीत अशी शांतता पसरली की भिंतीवरचे घड्याळ ऐकू येऊ लागले. आम्ही स्वतःवर खूश झालो. तास दोन तास चालवून पाहिले, हात लावून पाहिला, सारे कोमट. झाले, काम फत्ते!

एप्रिलात एक शेतकरी बंधू ठिबकच्या झडपा उघडझाप करणारा नियंत्रक घेऊन आले. आम्ही तो आमच्या पॉवर सप्लायवर जोडला. झडप ओढली जाई त्या क्षणी नियंत्रक मान टाकी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. चार वेळा पाहिले, चार वेळा तेच. आम्ही निकाल दिला, "याचे बोर्ड गेले." त्यांनी मुकाट्याने नवे घेतले. ऐन उन्हाळ्यात, उसाला पाणी द्यावयाच्या दिवसांत त्यांनी ते पैसे कोठून आणले ते त्यांस ठाऊक. आठ दिवसांनी दुसऱ्याच्या धडधाकट नियंत्रकानेही आमच्याकडे तशीच मान टाकली, तेव्हा आमचे डोळे उघडले. बोर्ड गेलेच नव्हते. पत्र्याखाली बेचाळीस अंशांत आमचा पॉवर सप्लाय आतून इतका तापत होता, की जरा भार पडला की स्वतःला वाचविण्यासाठी तो दाब सोडून देई. आम्ही शांतता विकत घेतली होती आणि तिचे पैसे दुसऱ्याच्या खिशातून गेले होते. आम्ही त्या गृहस्थांकडे जाऊन झाले ते सांगितले व पैसे परत केले. पण वाया गेलेली पाण्याची पाळी परत देता आली नाही.

आमचे कोठे चुकले, ते आता शांतपणे पाहू. चूक पहिली: पंख्याचा नियम आम्ही अर्धाच लक्षात घेतला. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलांनी उतरतो. हा सौदा स्वस्त वाटतो. पण त्याच वेळी पंख्याचा रेटा, म्हणजे अडथळ्यातून हवा ढकलण्याचा जोर, निम्मा न राहता चौथाई होतो. मोकळ्या दंडात हे खपून जाते. जाळीत धूळ आणि चिपाडाचा भुसा बसला, की चौथाई रेट्याचा पंखा नुसताच फिरतो, हवा जागची हलत नाही. आपल्या भागात गाळपाचा हंगाम, मळणी आणि फुफाट्याचे रस्ते आहेत. येथे जाळी महिन्याभरात भरते. डिसेंबरात स्वच्छ केलेली जाळी एप्रिलात कशी होती, हे आम्ही पाहिलेच नव्हते.

चूक दुसरी: आम्ही उष्णतेचा हिशेब चुकीच्या जागी केला. पुष्कळांना वाटते, की पॉवर सप्लायचा दाब जितका मोठा ठेवावा तितका तो तापतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रात बरोबर उलटे आहे. आतला दाब चोवीस व्होल्ट आहे आणि बाहेर पाचच व्होल्ट, तीन अँपिअर हवे आहेत. तर मधले एकोणीस व्होल्ट ट्रान्झिस्टरला गिळावे लागतात. एकोणीस गुणिले तीन, म्हणजे सत्तावन्न वॉट. तेच बाहेर वीस व्होल्ट घेतले तर ट्रान्झिस्टरच्या वाट्याला बाराच वॉट येतात. आम्ही चाचणी घेतली ती वीस व्होल्टांवर. म्हणजे बैलाची परीक्षा घ्यावयाची ती रिकामी गाडी जुंपून.

चूक तिसरी, आणि ही सर्वांत मोठी: आम्ही दुसऱ्यांच्या हवामानाचा सल्ला घेतला. संथ पंखे बसवा, असे परदेशांतील हौशी मंडळी सांगतात व त्यांच्यापुरते ते खरेही असते. त्यांची खोली वीस अंशांची. मापनयंत्रांच्या पुस्तिका पाहा: अचूकतेचे आकडे बहुधा तेवीस अंशांच्या आसपास, पाच अंश अलीकडे-पलीकडे, असे दिलेले असतात, आणि कित्येक यंत्रांना चालविण्याची वरची मर्यादाच चाळीस अंशांची असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा चाळिशी गाठतो. म्हणजे यंत्र चालू करण्यापूर्वीच आपण त्याच्या मर्यादेच्या उंबरठ्यावर उभे असतो. समजा, आतून जाताना हवा दहा अंश तापते आणि एखादा कपॅसिटर त्याहून तीस अंश अधिक गरम असतो. डिसेंबरात खोली वीस अंश, तर कपॅसिटर साठ. मे महिन्यात खोली बेचाळीस, तर कपॅसिटर ब्याऐंशी. या कपॅसिटरांचा ढोबळ नियम असा, की दहा अंश उष्मा वाढला की आयुष्य निम्मे. बावीस अंशांत ते चौथाईहूनही खाली येते. १०५ अंशांवर २००० तास टिकेल अशा हमीचा कपॅसिटर ६५ अंशांवर या नियमाने ३२००० तास टिकेल. ८५ अंशांवर ८००० तासच. ही कमाई की बुडीत, ते ज्याने त्याने ठरवावे.

मग करावे काय? पंखा ओरडतो तसाच ओरडू द्यावा? नाही. आम्ही पुढे जे केले, ते क्रमाने सांगतो. हा क्रमच महत्त्वाचा आहे.

सर्वांआधी मोजावे. उष्णतामापक तार जोडता येणारा मल्टीमीटर आता दुर्मिळ राहिलेला नाही. आत शिरणारी हवा, बाहेर पडणारी हवा आणि सर्वांत गरम हीट सिंक, असे तीन आकडे पूर्ण भारावर तासभर चालवून वहीत लिहावेत. हाताला कोमट लागणे हे मोजमाप नव्हे.

मग साफसफाई. यंत्राची वीज काढून, आतल्या मोठ्या कपॅसिटरांत साठलेली वीज उतरेपर्यंत थांबून आणि ती उतरल्याची मीटरने खात्री करून मगच हात घालावा. हे काम ज्याला येते त्यानेच करावे, नवशिक्या मुलाने करू नये. हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. फुकट गरगर फिरविल्याने बेअरिंग बिघडते. आमच्या त्या जुन्या ओरडणाऱ्या पंख्याचा निम्मा गोंगाट बहुधा जाळीतल्या धुळीचाच होता, हे आम्हांला उशिरा कळले.

मग वाट मोकळी करावी. यंत्र भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागे वीतभर जागा सोडावी. एकावर एक यंत्रे रचू नयेत. धुळीसाठी घातलेले कापड यंत्र चालू करताना काढावे. आपल्याकडे ते मायेने तसेच राहते. आणि वरचे झाकण काढून ठेवले की यंत्र थंड राहते, हा समज सोडावा. झाकण काढणे म्हणजे दंड फोडणे. हवा जवळच्या वाटेने वर निघून जाते आणि ज्या हीट सिंकवरून ती जावयास हवी, तो कोरडाच राहतो. शिवाय आतली जिवंत वीज उघडी पडते ती वेगळीच.

त्यानंतर आवाजाच्या मुळाशी जावे. थरथराट असेल, तर पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी वायसर घालावेत. भोकांच्या पत्र्याऐवजी तारेची जाळी बसविता आली तर बसवावी; जाळीच काढून टाकू नये, बोटे आपली आहेत. बेअरिंग गेले असेल तर पंखा बदलावाच, पण नव्याचा हवेचा आकडा आणि रेट्याचा आकडा दोन्ही जुन्याइतके असावेत. हवा ज्या दिशेने वाहत होती ती दिशा पालटू नये. पंख्याला तिसरी तार असेल, तर ती फेरे मोजून यंत्राला कळविणारी असते. ती तशीच सोडून दिली तर काही यंत्रे सुरूच होत नाहीत. जागा असेल तेथे मोठा पंखा घ्यावा: ऐंशी मिलिमीटरांऐवजी एकशेवीस मिलिमीटरांचा पंखा एक तृतीयांशाहूनही कमी फेऱ्यांत तितकीच हवा देतो. त्याचा रेटा मात्र कमी पडतो, म्हणून वाट मोकळी केल्याशिवाय त्याचाही उपयोग नाही.

आणि सर्वांत शेवटी वेग. तोही कायमचा कमी करावयाचा नाही. हीट सिंकला उष्णता ओळखणारा थर्मिस्टर लावून, उष्मा वाढला की वेग वाढेल अशी जोडणी करावी. कमी दाबावर पंखा अडखळून उभा राहत नाही ना, थंड असताना आपणहून सुरू होतो ना, हे दहा वेळा बंद-चालू करून पाहावे. तसेच नव्या पंख्याच्या विजेची कुरकुर मोजमापात उतरत नाही ना, हेही पाहावे. नाजूक मापनात मोटारीचा उपद्रव पडद्यावरच्या रेषेत दिसतो.

हे सर्व झाल्यावर पुन्हा तेच तीन आकडे मोजावेत. आमच्या पॉवर सप्लायमध्ये आता तारेची जाळी, रबरी वायसर आणि उष्णतेप्रमाणे वेग बदलणारा पंखा आहे; त्याचा रेटा जुन्या पंख्याइतकाच आहे. हिवाळ्यात तो जवळपास ऐकू येत नाही. मे महिन्यात दुपारी तो बोलतो, पण ओरडत नाही, आणि तो बोलू लागला की पत्र्याखाली किती उष्मा झाला आहे ते आम्हांला कळते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाळी धुतली जाते. यंत्राशेजारच्या वहीत तारखेसह आकडे आहेत.

आपल्याकडे मापनयंत्रे बनविण्याची विद्या अगदीच परकी नाही. ठाण्याच्या ॲप्लॅब या कंपनीने १९६२ पासून याच महाराष्ट्रात मापनयंत्रे आणि पॉवर सप्लाय बनविले. पण यंत्र ठाण्याचे असो, जपानचे असो की पुण्याच्या तपकीर गल्लीतून कोणी जुने उचलून आणलेले असो. ते बावड्यात आले की बावड्याचे ऊन खाणार आणि बावड्याची धूळ खाणार. ते पुस्तिका लिहिणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नाही. ते आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

येथे दुरुस्तीची कामे करणारी तरुण मंडळी पुष्कळ बसलेली दिसतात. त्यांना आमची एकच विनंती आहे. उद्या सकाळी नव्हे, उद्या दुपारी तीन वाजता आपापले यंत्र पूर्ण भारावर लावा आणि ते तीन आकडे घ्या. आकडे चांगले आले तर आवाजाचा विचार खुशाल करा. वाईट आले, तर त्या यंत्राच्या भरवशावर अलीकडे कोणाकोणाचे बोर्ड 'गेले' म्हणून सांगितलेत, ते जरा आठवून पाहा. आणि आठवले, तर त्यांच्या घरी जाऊन या. आम्ही जाऊन आलो आहोत. जाताना पाय जड होतात, पण तेच गृहस्थ अजून आमच्याकडेच दुरुस्ती घेऊन येतात.